कंपनीची पेटी आणि घरचा राउटर: ऐरोलीतील एका रो-हाउसचे प्रकरण

घर आणि तक्रार

ऐरोलीतील एका जुन्या सेक्टरमध्ये, सिडकोने बांधलेल्या रो-हाउसांच्या ओळीत हे घर आहे. मूळच्या बैठ्या घरावर मालकांनी पुढे एक पूर्ण मजला आणि त्याच्यावर गच्चीलगत एक खोली चढवली, त्यामुळे आज तेथे तीन पातळ्यांवर माणसे वावरतात आणि त्यांच्यामध्ये सळई-सिमेंटचे दोन जाड स्लॅब आहेत. तळमजल्यावर आजी पाचवी ते सातवीच्या मुलांची शिकवणी घेतात, पहिल्या मजल्यावर मुलगा, सून आणि नातू राहतात, आणि गच्चीलगतच्या खोलीत सूनबाई आठवड्यातले तीन दिवस घरून ऑफिसचे काम करतात. फायबरचे कनेक्शन आजोबांच्या नावावर असून योजना ३०० एमबीपीएसची आहे.

फायबरची तार रस्त्यावरच्या खांबावरून येऊन दाराजवळच्या ग्रिलमधून आत शिरते. जोडणीच्या दिवशी तार जेथे आत आली तेथेच, म्हणजे दारामागच्या चपलांच्या कपाटात, कंपनीच्या माणसाने पेटी ठोकली. हा निर्णय पाच मिनिटांत झाला असावा, आणि पुढच्या तीन वर्षांतल्या बहुतेक तक्रारी त्या पाच मिनिटांतून निघाल्या असे माझे मत आहे. वरच्या खोलीत मीटिंग चालू असताना आवाज तुटणे, नातवाचा खेळ मध्येच अडकणे, आठवड्यातून एकदोनदा पेटी बंद करून पुन्हा चालू करावी लागणे, ही त्या तक्रारींची यादी होती.

मी व्यवसायाने नेटवर्कचे काम करतो आणि पलीकडच्याच सेक्टरमध्ये राहतो. मे महिन्यात आजोबांनी मला बोलावले तेव्हा निदान आधीच झालेले होते: कंपनीचा राउटर टुकार आहे, आपला चांगला लावायचा. मुलाने साडेपाच हजारांचा वाय-फाय ६ चा राउटर आणूनही ठेवला होता आणि त्याचा मला पहिला प्रश्न असा होता, की नव्या राउटरला ही फायबरची हिरवी पिन नेमकी कोठे लावायची. त्या राउटरला तशी जागाच नव्हती. या प्रश्नातच पुढचे सगळे प्रकरण दडलेले असल्यामुळे त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल.

एका पेटीत दोन कामे

घरोघरी दिसणाऱ्या फायबरच्या पेटीत दोन वेगळी यंत्रे एकाच कवचात बसवलेली असतात. पहिले यंत्र तारेतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत आणि विजेच्या संकेतांचे प्रकाशात रूपांतर करते. त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. दुसरे यंत्र राउटरचे: घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणे, त्या सगळ्यांना बाहेरच्या एका पत्त्यावरून जगाशी जोडणे आणि वाय-फाय पसरवणे. दुकानात मिळणारा साधा राउटर यातले फक्त दुसरे काम करतो. म्हणून ‘आपला राउटर वापरणे’ याचा घरगुती फायबरच्या बाबतीत खरा अर्थ एवढाच, की पेटीतले पहिले काम कंपनीकडेच ठेवून दुसरे आपल्याकडे घ्यायचे. हद्द कोठे आखायची, हा मूळ प्रश्न आहे.

पहिले काम आपल्याकडे का घेता येत नाही, हे मुलाला पटायला वेळ लागला, कारण फायबरची पिन थेट स्वीकारणारे छोटे मॉड्यूल राउटरमध्ये खोचता येते असे त्याने एका व्हिडिओत पाहिले होते. तसे मॉड्यूल असते हे खरे आहे. परंतु आपल्याकडची घरगुती फायबर सेवा प्रामुख्याने ज्या जीपॉन पद्धतीवर चालते, जिची मानके आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.९८४ या मालेत आहेत, तिच्यात घराघराला स्वतंत्र तार नसते. कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक तार स्प्लिटरमध्ये फुटते आणि ३२ किंवा ६४ घरांत जाते. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो नुसता प्रकाश वाटून देतो. खाली येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, एकूण वेग २.४८८ जीबीपीएस, आणि तो सगळ्या घरांना सारखाच पोहोचतो. प्रत्येक पेटी त्यातले आपले तेवढे उचलते. वर जाणारा प्रकाश १३१० नॅनोमीटरचा, एकूण वेग १.२४४ जीबीपीएस, आणि तेथे मात्र प्रत्येक घराने आपल्या वाट्याला आलेल्या क्षणापुरतेच बोलायचे असते. एखादी पेटी आपली पाळी सोडून प्रकाश फेकू लागली तर त्या स्प्लिटरवरची सगळी घरे बंद पडू शकतात. शिवाय केंद्रातले यंत्र पेटीला तिच्या अनुक्रमांकावरून ओळखते, ज्यात पहिली चार अक्षरे उत्पादकाची आणि पुढची आठ चिन्हे त्या विशिष्ट नगाची असतात, आणि कंपनीने तो क्रमांक नोंदवल्याशिवाय पेटी जागी होत नाही. कंपनीच्या अडवणुकीविषयी माझ्याही मनात पुष्कळ राग आहे, पण या एका मुद्द्यावर तिचा आग्रह नुसता हट्ट नाही.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला आपले उपकरण निवडण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि अमेरिकेत टेलिफोनच्या तारेला परके उपकरण जोडू देण्याचा वाद १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने मार्गी लागला. मुलाने हे सगळे वाचलेले होते आणि तो ते मला ऐकवत होता. ऐरोलीच्या चपलांच्या कपाटापुढे बसून त्याचा उपयोग एवढाच, की प्रश्न आपल्या एकट्याचा नाही हे कळते.

पहिला टप्पा: राउटरमागे राउटर

मी सुचवलेला पहिला टप्पा असा, की कंपनीच्या पेटीला हातही न लावता तिच्या लॅन पोर्टमधून (घरातल्या उपकरणांसाठीच्या जागेतून) एक तार काढावी आणि ती नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत येण्याच्या जागेत) घालावी. यात कोणाची परवानगी लागत नाही, पासवर्ड लागत नाही, आणि काही बिघडलेच तर तार उपटली की घर पूर्ववत होते.

तरीही पहिल्या संध्याकाळी दोन अडचणी आल्या. पहिली अशी, की तार जोडल्यावर नव्या राउटरला इंटरनेटच मिळेना. कंपनीच्या पेटीचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ होता आणि नव्या राउटरचाही कारखान्यातून आलेला पत्ता तोच होता. एकाच वाड्यात दोन घरांना एकच क्रमांक दिल्यावर टपालवाल्याची जी अवस्था होईल ती राउटरची झाली: आतले आणि बाहेरचे यातला फरकच त्याला करता येईना. काही राउटर हे ओळखून स्वतःचा पत्ता आपोआप बदलतात, याने बदलला नाही. नव्या राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.५०.१ असा करताच जोडणी सुरू झाली.

दुसरी अडचण अधिक शिकवणारी होती. नव्या राउटरवर वेग मोजला तेव्हा ९४ एमबीपीएस आला. पुन्हा मोजला, पुन्हा ९४. मुलगा राउटर परत करायला निघाला होता. वेग सतत ९४-९५ वर येऊन थांबत असेल तर दोष बहुतेक वेळा राउटरमध्ये किंवा कंपनीच्या सेवेत नसतो, कारण १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीतून प्रत्यक्षात तेवढाच माल वाहतो. गिगाबिट जोडणीला तारेतल्या चारही जोड्या लागतात, आणि येथे वापरलेली तार सीसीटीव्ही बसवणाऱ्याने मागे कधीतरी सोडलेली, दोनच जोड्या पिनेत दाबलेली होती. नवी कॅट-६ तार आणली आणि त्याच जागी तोच राउटर २८० च्या वर गेला.

मग राउटर ठेवायचा कोठे, हा प्रश्न आला, आणि येथे मी मुद्दाम एक प्रयोग करून पाहिला. नवा राउटर एक संध्याकाळ त्याच चपलांच्या कपाटात ठेवला आणि गच्चीलगतच्या खोलीत वेग मोजला: १४ एमबीपीएस. जुन्या पेटीच्या वाय-फायने त्याच खोलीत ९ दिले होते. म्हणजे साडेपाच हजारांनी पाच एमबीपीएस विकत घेतले होते. दुसऱ्या दिवशी सुमारे अठरा मीटर कॅट-६ तार बाहेरच्या भिंतीवरून पाइपात घालून पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी नेली, राउटर तेथे उंचावर बसवला, आणि त्याच खोलीत १९० मिळाले, कारण आता मध्ये एकच स्लॅब होता आणि जिन्याच्या पोकळीतून लहरींना वाटही मिळत होती. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी काँक्रीटमध्ये २.४ पेक्षा लवकर दम तोडतात, ही गोष्ट या घरातल्या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी होती. कंपनीच्या माणसाने तीन वर्षांपूर्वी फायबरचीच तार वर नेली असती तर कदाचित नवा राउटर आणावाच लागला नसता.

कंपनीच्या पेटीचे वाय-फाय मी बंद केले. दोन्ही चालू ठेवले की फोन जुन्याच, अशक्त संकेताला चिकटून राहतात, आणि २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. रो-हाउसच्या ओळीत शेजाऱ्यांनी ते आधीच भरून टाकलेले असतात. त्याखेरीज शिकवणीच्या मुलांसाठी पाहुण्यांचे वेगळे वाय-फाय काढून दिले, ज्यातून फक्त बाहेर जाता येते, घरातला प्रिंटर किंवा कॅमेऱ्याचा डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारे यंत्र) दिसत नाही. आजी त्याचा पासवर्ड दर महिन्याला बदलून फळ्यावर लिहितात. कनेक्शन आजोबांच्या ओळखपत्रावर असल्यामुळे त्यावरून कोणी काय केले याची विचारणा शेवटी त्यांच्याच दारी येणार, हे त्यांना सांगितल्यावर ही शिस्त त्यांनी आपणहून लावली.

मूळ तक्रार येथे मिटली होती. आजोबांच्या दृष्टीने प्रकरण संपले.

ब्रिज करावे की नाही

मुलाच्या दृष्टीने ते आता सुरू होत होते. एकामागे एक दोन राउटर असले की पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते, ज्याला डबल नॅट म्हणतात. साधे पाहणे, वाचणे, बोलणे यांत त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो बाहेरून कोणाला आत यायचे असेल तेव्हा, कारण प्रत्येक राउटरवर वेगळी वाट उघडून द्यावी लागते. मुलाला महापे येथील ऑफिसातून घरच्या डीव्हीआरवर थेट पोहोचायचे होते, नातवाचा खेळ ‘नॅट कडक आहे’, म्हणजे इतर खेळाडूंना थेट जोडून घेता येत नाही, असा शेरा देत होता, आणि दोघांनाही उपाय एकच दिसत होता: कंपनीची पेटी ब्रिज मोडवर टाकायची, म्हणजे तिने राउटरगिरी सोडून फक्त प्रकाशाचे रूपांतर करायचे आणि पीपीपीओईचा डायल, म्हणजे नाव आणि पासवर्ड देऊन कंपनीशी जोडणी उघडण्याचे काम, आपल्या राउटरने करायचे.

ब्रिज करण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी, आणि ती सहसा कोणी तपासत नाही. मी कंपनीच्या पेटीच्या पानावर जाऊन तिला बाहेरून मिळालेला पत्ता पाहिला. तो १०० ने सुरू होत होता आणि दुसरा आकडा ८६ होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास सेवा कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले आहेत; आपल्या पेटीला त्यातला पत्ता मिळाला याचा अर्थ कंपनी स्वतःच्या केंद्रात अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवते आहे. त्याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे या घराबाहेर पडताना भाषांतर दोनदा नव्हे, तीनदा होत होते, आणि ब्रिज केल्याने त्यातले मधले एक तेवढे गळणार होते. सगळ्यात बाहेरचे, ज्याच्यावर आपले काहीच चालत नाही, ते तसेच राहणार होते. डीव्हीआर बाहेरून थेट दिसण्याचा प्रश्न ब्रिजने सुटणारच नव्हता. त्यासाठी कंपनीकडून दरमहा जादा पैसे देऊन स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो. तो घ्यायचा नाही असा सल्ला मी दिला, कारण वर्षानुवर्षे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) न बदललेला डीव्हीआर जगापुढे उघडा टाकणे म्हणजे गच्चीचे दार सताड उघडे ठेवून खाली कुलूप लावणे होय. उत्पादकाच्या ॲपमधून तो पाहता येत होताच, आणि तेवढे पुरेसे होते.

तेव्हा ब्रिजच्या बाजूची दोन मोठी कारणे आपोआप बाद झाली. मग मीच त्याला होकार का दिला, याची कारणे वेगळी आहेत. एक म्हणजे कंपनीची पेटी गरम कपाटात बसून आठवड्यातून एकदोनदा गुदमरत होती. आता घरात फोन, टीव्ही, कॅमेरे धरून तीसच्या आसपास उपकरणे आहेत, आणि त्यांच्या हजारो जोडण्यांची नोंद ठेवण्याचे काम तिच्याकडून काढून घेणे हिताचे होते. दुसरे कारण आयपीव्ही६ चे, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीचे. कंपनी आयपीव्ही६ देत होती, परंतु पेटी राउटर म्हणून काम करत असताना तिने आपल्या अंगणापुरता पत्त्यांचा एकच पट्टा घेतला होता आणि मागच्या राउटरला पुढे वाटायला काहीच दिले नव्हते, त्यामुळे नवा राउटर आला त्या दिवसापासून घर आयपीव्ही६ ला मुकले होते. ब्रिजमध्ये आपला राउटर कंपनीकडून थेट पट्टा मागू शकतो, आणि आयपीव्ही६ मध्ये सीजीनॅट आड येत नाही. नातवाच्या शेऱ्याचे काय होईल ते मी सांगू शकलो नाही, आणि तसे स्पष्ट सांगितले.

ब्रिजचा दिवस

कंपनीच्या सेवाकेंद्रातून पहिल्यांदा ‘अशी सोय नाही’ असे उत्तर आले, दुसऱ्यांदा ‘माणूस पाठवतो’ असे आले, आणि चौथ्या दिवशी माणूस आला. तो वयाने पंचविशीतला, कामात हुशार आणि घाईत होता. त्याने आजोबांना आधीच सांगून ठेवले: “काका, ब्रिज करून देतो, पण उद्या कम्प्लेंट टाकली तर ते पहिले विचारणार, राउटर कोणाचा. मग आम्ही काही करू शकत नाही.” हे वाक्य पुढे जुलैमध्ये अक्षरशः खरे ठरले.

त्याने हात लावण्यापूर्वी मी पेटीच्या पानांची छायाचित्रे घेतली: अनुक्रमांक, व्हीलॅनचा (कंपनीच्या तारेतल्या आपल्या आभासी वाटेचा) क्रमांक, डायलचे नाव, आणि तारेतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, जी त्या दिवशी उणे २०.८ डीबीएम होती (या मापात उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण). डायलचा पासवर्ड पेटीत ठिपक्यांआड असतो आणि तो ग्राहकाला ठाऊक नसतो. तो त्या माणसाकडून नव्याने ठरवून घेतला. पीपीपीओईचा पासवर्ड हाती नसताना ब्रिज करून घेणे म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्यासारखे आहे.

बदल पाच मिनिटांचा होता, राउटर मात्र पाऊण तास जोडेना. एक कारण असे, की ब्रिज फक्त पेटीच्या पहिल्या लॅन पोर्टला बांधलेला होता आणि आमची तार तिसऱ्यात होती. तार हलवल्यावरही नकारच येत राहिला, कारण पेटीने जुना डायल नीट न तोडता सोडलेला होता आणि कंपनी एका ग्राहकाला एकाच वेळी दुसरा डायल करू देत नव्हती. जुना मरेपर्यंत दहा मिनिटे चहा पीत बसावे लागले. मग जोडणी झाली. टेलिफोन बंद पडेल अशी भीती आजींना होती, पण त्याचा आवाज वेगळ्या वाटेने जात असल्याने आणि ती वाट आम्ही सोडलेली असल्याने तो वाजत राहिला. आयपीव्ही६ चा /६० आकाराचा पट्टा आला, त्यातून सोळा जाळी पाडता येतात. एक घराला आणि एक पाहुण्यांच्या वाय-फायला दिले. आयपीव्ही६ मध्ये नॅटची आयती भिंत नसल्यामुळे बाहेरून येणाऱ्याला अडवणारी राउटरची फायरवॉल (संरक्षक भिंत) चालू असल्याची खात्री करून घेतली.

त्या रात्री सूनबाईंचा निरोप आला, की बहुतेक सगळे चालते, मात्र दोन-तीन संकेतस्थळे अर्धी उघडून अडकतात, आणि त्यातले एक बँकेचे आहे. ही पीपीपीओईची जुनी खोड आहे. इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःच्या वेष्टनासाठी घेते, उरतात १४९२. घरातला लॅपटॉप मात्र आपल्याला १५०० ची मुभा आहे असे समजून समोरच्याशी बोलणी करतो, समोरचा पूर्ण आकाराची पाकिटे पाठवतो, ती कंपनीच्या दारात मावत नाहीत, आणि ‘लहान पाठवा’ हा निरोप काही ठिकाणच्या फायरवॉल गिळून टाकतात. म्हणून पहिले लहान पान येते आणि पुढचे मोठे लटकते. पिंगने, म्हणजे चाचणीचे पाकीट पाठवून, तपासले तर १४६४ बाइटचे पाकीट जात होते आणि १४६५ चे जात नव्हते. त्यात शीर्षकाचे २८ मिळवले की नेमके १४९२ होतात. यावर उपाय म्हणजे राउटरने बोलणी चालू असतानाच शीर्षके वगळून उरणाऱ्या मजकुराचा आकडा १४५२ वर आणायचा, ज्याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. तो आपोआप चालू असतोच, पण मुलाने कुठल्याशा व्हिडिओवरून ‘वेग वाढवण्यासाठी’ तो बंद केला होता. चालू केला आणि बँक उघडली.

जुलैचा पाऊस

सहा आठवडे कोणी मला फोन केला नाही. मग जुलैच्या मध्यावर, दोन दिवसांच्या सततच्या पावसानंतर, नेट दिवसातून वीस वेळा जाऊ-येऊ लागले. सेवाकेंद्राचे उत्तर ठरलेले होते: “तुमचा स्वतःचा राउटर आहे, तो काढून बघा.” आजोबांनी तो काढून पाहिला, काही फरक पडला नाही, पण ते फोनवर सिद्ध करून दाखवता येत नाही, कारण ब्रिजवर असलेली पेटी राउटरशिवाय कोणालाच जोडत नाही आणि सेवाकेंद्राच्या यादीत त्या परिस्थितीसाठी पुढचा प्रश्नच नसतो.

येथे त्या छायाचित्राचे मोल कळले. ब्रिजवर असली तरी पेटीचे स्वतःचे पान तिच्या मोकळ्या लॅन पोर्टमधून उघडते. लॅपटॉप जोडून पाहिले तर प्रकाशाची ताकद उणे २८.३ डीबीएम होती. दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे जूनच्या मानाने आता पाचव्या हिश्शाहूनही कमी पोहोचत होता, आणि या वर्गाच्या पेट्यांची ऐकण्याची मर्यादा उणे २७ असते. पेटीवरचा एलओएसचा, म्हणजे प्रकाश पोहोचत नसल्याचा, लाल दिवा अधूनमधून लुकलुकत होता तो त्यामुळेच. राउटर कोणाचाही असो, तारेतल्या प्रकाशावर त्याचा काही परिणाम होऊ शकत नाही. तो हद्दीच्या अलीकडे आहे आणि बिघाड पलीकडे. मी आजोबांना दोनच वाक्ये लिहून दिली आणि तीच फोनवर वाचायला सांगितली: जूनमध्ये पॉवर उणे २०.८ होती, आज उणे २८.३ आहे, तार तपासायला माणूस पाठवा. राउटर हा शब्द उच्चारायचाच नाही, अशी सूचनाही दिली. दुसऱ्या दिवशी माणूस पॉवर मीटर घेऊन आला.

खांबावरच्या जोडापाशी पाणी शिरले होते आणि ग्रिलमध्ये तार काटकोनात दाबली गेली होती. काचेची तार फार वळवली की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. जोड नवा केला, वळण सैल केले, आणि ताकद उणे २१.४ वर आली. एवढ्यावर सगळे आटोपले असते, पण त्या माणसाने जाता जाता, चांगल्या हेतूने, जुनी पेटीही बदलून नवी बसवली. नवी पेटी अर्थातच राउटर मोडवर, स्वतःचे वाय-फाय लावून, स्वतःच डायल करत आली, आणि आपला राउटर मागे पीपीपीओईसाठी दार ठोठावत राहिला. ग्राहकाला फक्त एवढेच दिसले, की कंपनीने दुरुस्ती केली आणि घर पूर्ण बंद पडले.

तात्पुरता उपाय सोपा होता: आपल्या राउटरची वॅन जोडणी पीपीपीओईवरून साध्या आपोआप पत्त्यावर आणली आणि घर मेच्या स्थितीत, डबल नॅटसह, चालू झाले. हे सूनबाईंनी मला फोनवर विचारून स्वतः केले, वरच्या खोलीतून खाली न येता. ब्रिज पुन्हा करून घ्यावा की आहे तसेच राहू द्यावे, यावर घरात मतभेद झाले. आजोबांचे म्हणणे असे, की मे महिन्यात तक्रार मिटली होती ती याच मांडणीने, आणि जी मांडणी कंपनीच्या माणसाच्या एका भेटीत मोडते तिच्यावर विसंबू नये. हा युक्तिवाद मला खोडता आला नाही. ज्या घरात नेटवर्क समजणारे कोणी नाही तेथे मी आजही ब्रिजचा सल्ला देत नाही; चांगल्या जागी ठेवलेला आपला राउटर आणि त्याच्यापुढे वाय-फाय बंद केलेली कंपनीची पेटी एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते. या घरात मात्र आयपीव्ही६ गेल्यापासून नातवाचा खेळ पुन्हा कडक नॅटचा शेरा देऊ लागला होता, आणि मधल्या सहा आठवड्यांत तो शेरा नव्हता ही गोष्ट त्याने पुराव्यासारखी मांडली. नवी पेटी गुदमरत नाही, तेव्हा माझे एक कारण गळाले होते. नातवाचे मात्र नव्याने उभे राहिले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ब्रिज पुन्हा झाला, या वेळी दहा मिनिटांत, कारण व्हीलॅनचा क्रमांक, बांधायचा पोर्ट आणि डायलचे नाव चपलांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर होते. त्याच कागदावर प्रकाशाच्या ताकदीचा रकाना आहे आणि आजोबा दर महिन्याच्या एक तारखेला, विजेच्या मीटरचे रीडिंग घेतात त्याच वेळी, तोही आकडा लिहून ठेवतात. पासवर्ड मात्र त्यावर नाही, तो आजींच्या कुलूपबंद डब्यात आहे.

एक गोष्ट अजून राहिली आहे. पूर्वी वीज गेली की बारा व्होल्टचा एक लहान यूपीएस कंपनीच्या पेटीला तासदोन तास तगवत असे. आता चालू ठेवायच्या पेट्या दोन, त्याही दोन मजल्यांवर, आणि यूपीएस अजून एकच, तोही खालीच; वीज गेली की पेटी जागी असते आणि जिन्यावरचा राउटर झोपलेला असतो. दुसरा यूपीएस घ्यायचा, की इथरनेटच्या तारेतूनच वर वीज चढवायची, यावर मुलगा सध्या व्हिडिओ पाहत आहे.